जन्मदाखला खान्देशातला, खिडकी नेदरलँड्सची

आइंडहोव्हन, अ‍ॅमस्टरडॅम किंवा रॉटरडॅमला नोकरी पक्की झाली की आपल्याकडची मुलं पहिला प्रश्न व्हिसाचा विचारतात. व्हिसाचं कंपनी बघते. तुम्ही ऑफर लेटर हातात पडलं त्याच आठवड्यात जन्मदाखल्याच्या मागे लागा. तिकडे गेल्यावर खेमेन्टे, म्हणजे तिथली नगरपालिका, तुमची नोंद रहिवाशांच्या नोंदवहीत करते. तिथे नाव, जन्मतारीख, जन्मगाव आणि आईवडील जसे चढतील तसेच ते करखात्यात, विमा कंपनीत, बँकेत, लायसनवर आणि पुढे तिथे मूल झालं तर त्याच्या दाखल्यावर उतरतात. खिडकीवरचा माणूस सभ्य असतो, इंग्रजी छान बोलतो, पण ‘साहेब, ही दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हो’ हे त्याला तोंडी पटवून उपयोग नसतो. तो कागदावरचं अक्षर उचलतो. त्यामुळे जे सुधारायचं ते विमानात बसायच्या आधी, अमळनेर-शिरपूर-तळोद्याच्या कार्यालयात सुधारून घ्यायचं.

व्हिसाचा भाग आधी उरकून टाकू. कुशल कामगार म्हणून जाणाऱ्यासाठी कंपनी तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे, आयएनडीकडे, अर्ज करते. त्यासाठी कंपनी त्या खात्याच्या मान्यताप्राप्त यादीत असावी लागते. मंजुरी आली की पासपोर्टवर एमव्हीव्ही नावाचा स्टिकर लागतो. तो ९० दिवस चालतो, तेवढ्यात देशात पोचायचं. निवासाचं कार्ड तिथे गेल्यावर मिळतं. एकट्याच्या अर्जाला जन्मदाखला सहसा कुणी मागत नाही आणि तिथेच माणूस गाफील राहतो. बायको-मुलं सोबत असतील तर मात्र लग्नाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून सरकारचा शिक्का घेऊन, अर्जाच्या वेळीच लागतात.

आता दाखला. पहिली अडचण अशी की नोंद नेमकी कुठे आहे हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. जन्माची नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते, बापाच्या गावी नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे घर चोपड्याचं, सगळं शिक्षण चोपड्यात आणि नोंद मामाच्या गावी, शहाद्याच्या नगरपालिकेत. त्यातही मामाचं गाव खेडं आणि दवाखाना तालुक्याच्या गावात असेल तर नोंद ग्रामपंचायतीत सापडणार नाही, दवाखाना ज्या नगरपालिकेच्या हद्दीत तिच्याकडे सापडेल. म्हणून ग्रामपंचायतीत जाण्याआधी आईला किंवा मावशीला दोन गोष्टी विचारा: दवाखाना कोणता होता, आणि घरी झाला असाल तर गाव कोणतं. वडिलांना विचारून फार उपयोग होत नाही, त्यांना साल आठवतं आणि तेही पावसाच्या हिशेबानं.

दुसरी अडचण जिल्ह्याची. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधी नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे सगळे धुळे जिल्ह्याचे तालुके. १९९४ साली शहाद्याला जन्मलेल्या माणसाच्या जुन्या दाखल्यावर ‘जि. धुळे’ असतं, नव्यानं काढलेल्या दाखल्यावर ‘नंदुरबार’ येतं आणि पासपोर्टवर त्या वेळी फॉर्म भरणाऱ्यानं जे टाकलं ते. जळगाव जिल्ह्यात हाच प्रकार एदलाबादचा. तालुक्याचं नाव आता मुक्ताईनगर, जुने कागद एदलाबादचे. धरणगावच्या जुन्या कागदांवर तालुका एरंडोल निघतो. यातलं काहीच चूक नाही, पण खिडकीवर तीन कागदांवर तीन जन्मस्थळं दिसतात. यावर उतारा असा की नवा दाखला काढताना जन्मस्थळ पासपोर्टशी जुळतंय का ते पाहायचं, आणि जुळत नसेल तर पासपोर्ट नव्यानं काढताना त्यात दाखल्याप्रमाणे गाव आणि जिल्हा लिहायचा. गावाच्या स्पेलिंगचंही तेच. भुसावळ, चोपडा, शिंदखेडा ही नावं इंग्रजीत दोन-दोन तऱ्हेनं लिहिली जातात. कोणतंही एक धरा आणि सगळ्या कागदांवर तेच ठेवा.

ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूचे निबंधक म्हणजे ग्रामसेवक भाऊसाहेब. हल्ली त्यांच्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात मात्र कुणी तसं म्हणत नाही. एका भाऊसाहेबांकडे दोन-तीन गावं असतात, म्हणून कोणत्या वारी कुठल्या गावात बसतात ते शिपायाला विचारून जा. जाताना जन्माचं साल, आईचं माहेरचं आणि सासरचं नाव, वडिलांचं पूर्ण नाव आणि शाळा सोडल्याचा दाखला एवढं जवळ ठेवा. नोंद शोधायची ती तारखेवरून नाही, सालावरून. एक साल मागे, एक साल पुढे बघायला सांगा. रजिस्टरात कुठे नाव नसतं, नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असतं. तिथे आईवडिलांच्या नावावरून ओळख पटते.

जुन्या लोकांची, विशेषतः आईवडिलांना पुढे कधी तिकडे बोलवायचं असेल तर त्यांची, नोंद ग्रामपंचायतीत नसते. पूर्वी गावातले जन्म-मृत्यू कोतवाल बुकात लिहिले जात आणि ती बुकं तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जमा झालेली आहेत. नकलेचा अर्ज तहसीलमध्ये करायचा. जुनी बुकं कधी मोडी लिपीत असतात, कडा झडलेल्या असतात. अभिलेख कक्षातल्या माणसाशी अहिराणीत बोललात तर कपाट लवकर उघडतं, हा आपला एक साधा फायदा. मात्र या नकलेवर थेट अपोस्टिलची भिस्त ठेवू नका. ती आधार म्हणून लावून निबंधकाकडून रीतसर दाखला घ्यायचा असतो.

नोंदच नसेल तर निबंधक ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला देतो, तो नमुना १०. त्यावर विलंबित नोंदणी होते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९चा. एक वर्षानंतरच्या नोंदीला पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. २०२३च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ ऑक्टोबर २०२३पासून, हा अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आलाय. यात अर्ज, प्रतिज्ञापत्र, चौकशी, आदेश आणि मग नोंद अशी साखळी आहे आणि ती घाईनं हलत नाही. नोकरीची रुजू होण्याची तारीख ठरल्यावर हे काम सुरू करणाऱ्याला ते पुरं करून जाणं जमणार नाही. त्यानं घरच्या कुणाला अधिकारपत्र देऊन जावं.

नोंद सापडली म्हणजे सुटलात असंही नाही. चार जागी नजर टाका.

नाव. बऱ्याच दाखल्यांवर नावाच्या रकान्यात नुसतं ‘राहुल’ असतं आणि वडिलांच्या रकान्यात ‘दगडू शिवराम पाटील’. आपण वाचताना मनातल्या मनात जोडून घेतो. परक्या देशातला कारकून जोडत नाही. त्याच्या दृष्टीनं या माणसाला जन्मतः आडनाव नाही. नावाचा रकाना मोकळा असेल तर जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे नाव टाकून घेता येतं. त्याला नियमांत पंधरा वर्षांची मर्यादा आहे आणि शासन मधूनमधून मुदत वाढवून देतं, तेव्हा चालू मुदत निबंधकाला विचारा. नाव टाकताना पासपोर्टवर जसं आहे तसं पूर्ण टाका.

आईवडिलांची नावं. रजिस्टरात आई ‘सुमनबाई’, आधारवर ‘सुमन’, पासपोर्टच्या मागच्या पानावर ‘सुमनबाई’चं वेगळंच स्पेलिंग. वडील कुठे ‘गिरधर’, कुठे ‘गिरीधर आप्पा’. नवापूर-तळोद्याकडे गुजरातचा शेजार असल्यानं ‘भाई’ आणि ‘बेन’ चिकटलेले असतात. बाई, भाई, राव, आप्पा ही शेपटं कागदावर नावाचा भाग होऊन बसतात. चूक दुरुस्त होते ती त्याच अधिनियमाच्या कलम १५ खाली. मूळ अक्षर खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही आणि तारीख टाकतो. त्यासाठी पुरावा लागतो. शाळेचा दाखला आणि आईवडिलांचं आधार हे नेहमीचे. आईचं नाव कोणतं खरं धरायचं ते घरात एकदा बसून ठरवा, मग सगळे कागद त्या बाजूला वळवा. अर्धे एका बाजूला, अर्धे दुसऱ्या बाजूला वळवलेत तर गुंता वाढतो.

आडनाव. ‘पाटील’ हे आडनाव किती घरांनी नंतर लावलं आणि किती घरांनी सोडलं याची गणतीच नाही. आजोबांच्या उताऱ्यावर सूर्यवंशी, वडिलांच्या दाखल्यावर पाटील, मुलानं दहावीच्या आधी पुन्हा सूर्यवंशी. बदल रीतसर करून घ्यायचा तर महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो. ते राजपत्र जपून ठेवा, कारण दाखल्यातल्या आणि पासपोर्टातल्या नावामधला दुवा तेवढाच. नुसत्या नोटरीच्या शपथपत्रावर ‘दोन्ही नावे माझीच’ असं लिहून नेलेला कागद तिकडे फारसा चालत नाही.

जन्मतारीख. १ जूनचे वाढदिवस आपल्या पिढीत घरटी सापडतील. गुरुजींनी शाळेत घालताना वय बसवण्यासाठी १ जून लिहिलं, त्यावर दहावीचं प्रमाणपत्र, त्यावर पासपोर्ट. आणि ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात खरी तारीख, समजा १७ सप्टेंबर. हा फरक सगळ्यात वाईट. नेदरलँड्सच्या कायद्यात जन्माच्या नोंदीसाठी कागदांची उतरंड ठरलेली आहे. रीतसर प्रमाणित जन्मदाखला पासपोर्टच्या वर बसतो. मग नोंदवहीत एक तारीख आणि निवासाच्या कार्डावर दुसरी. दोन तारखांचा माणूस बँकेच्या संगणकात अडकतो. अशा माणसानं जायच्या आधीच पासपोर्ट कार्यालयात तारखेची दुरुस्ती करायची की कसं हे ठरवावं. जाऊन मग बघू म्हणणं महागात पडतं. पासपोर्टच्या नियमांत आता १ ऑक्टोबर २०२३ला किंवा नंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे पुढच्या पिढीला हे दुखणं राहू नये. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आलाय. लहान मुलाचा पासपोर्ट काढताना ‘गिव्हन नेम’ मध्ये दाखल्यावरची आडनावाआधीची सगळी नावं त्याच क्रमानं भरा, आईचं नाव लांब होतंय म्हणून गाळू नका.

आता प्रत्यक्ष कागद हातात घेऊन बघा. जन्मदाखला म्हणजे नमुना ५. छापील मजकूर मराठी-इंग्रजी दोन्हीत असतो, पण आत भरलेला मजकूर नुसता मराठीत असेल तर तिकडे अनुवाद मागतात. डच, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच एवढ्याच भाषा थेट चालतात. म्हणून भरलेला मजकूरही इंग्रजीत हवा असं आधीच सांगा, आणि इंग्रजी स्पेलिंग चिठ्ठीवर लिहून द्या. ऑपरेटर मराठीवरून स्वतःच्या मनानं स्पेलिंग करतो आणि ‘चौधरी’चं स्पेलिंग चार प्रकारे होऊ शकतं. जुना हस्तलिखित दाखला असेल तर संगणकीय घ्या. त्यावर क्यूआर कोड असला तरी निबंधकाची शाईची सही, खाली त्याचं नाव-पद आणि गोल शिक्का घ्या, कारण पुढची कचेरी सहीच तपासते. आणि लॅमिनेशन करू नका. घरोघरी जपून ठेवलेले दाखले लॅमिनेट केलेले असतात. अपोस्टिलचा स्टिकर आणि शिक्के कागदाच्या पाठीवर बसतात, प्लास्टिकवर बसत नाहीत. लॅमिनेट झालाय तर सोलत बसू नका, नवी प्रत काढा. तशीही दोन-तीन मूळ प्रती एकदम काढून ठेवाव्यात.

अपोस्टिल परराष्ट्र मंत्रालय देतं. भारत अपोस्टिलच्या हेग करारात २००५ साली सामील झाला, त्यामुळे हा शिक्का नेदरलँड्समध्ये चालतो. मंत्रालय २०१२च्या जुलैपासून लोकांकडून थेट कागद घेत नाही, नेमलेल्या सेवा केंद्रांमार्फत घेतं. त्याआधी राज्याचं प्रमाणीकरण लागतं. जन्म-लग्नाच्या दाखल्यांसाठी ते मुंबईत मंत्रालयात होतं. अपोस्टिलचं सरकारी शुल्क एका कागदाला ५० रुपये, बाकी सेवा केंद्राचं आणि एजंटचं. जळगाव-धुळ्यातून कुरियरनं एजंटकडे पाठवणारे बरेच आहेत आणि त्यात वावगं काही नाही. फक्त एजंटला दोन गोष्टी लेखी विचारा. एक, प्रमाणीकरण राज्याचं करणार की दिल्लीच्या एसडीएमचं, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याचं. एसडीएमचा मार्ग लवकर होतो, एजंटांना तोच आवडतो, पण कंपनीचा इमिग्रेशन वकील काय म्हणतो ते आधी विचारून घ्या. दोन, शिक्का मूळ दाखल्यावर येणार की नोटरी केलेल्या झेरॉक्सवर. झेरॉक्सवर अपोस्टिल झालं तर शिक्का नोटरीच्या सहीला मिळतो, दाखल्याला नाही. खेमेन्टेच्या खिडकीवर असा कागद परत येतो. कागद हाती आला की स्टिकरवरचा क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून बघा. दाखल्याला जोडलेली पिन काढून स्कॅन करायचा मोह टाळा. पिन निघालेल्या जोडपत्रावर संशय घेतात.

बायकांच्या कागदांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. जन्मदाखल्यावर ‘कविता भास्कर चौधरी’, पासपोर्टवर ‘कविता राहुल पाटील’. या दोघी एक आहेत हे सांगणारा एकच कागद, लग्नाचा दाखला. आपल्याकडचा विवाह नोंदणीचा दाखला १९९८च्या कायद्याखालचा, नमुना ई. पत्रिका, फोटो आणि साक्षीदार घेऊन नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद होते. बरेच जण ती व्हिसाचा विषय निघाल्यावर करतात, तेव्हा उशिराचा दंड भरावा लागतो, होतं मात्र. दाखल्यात वधूचं लग्नाआधीचं पूर्ण नाव तिच्या जन्मदाखल्याप्रमाणे हवं. ते तपासल्याशिवाय सही घेऊ नका. आणि लग्न नुकतंच झालं असेल, पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल, तर तो बदलायच्या भानगडीत न पडलेलं बरं. भारतीय पासपोर्टमध्ये आडनाव न बदलता नवऱ्याचं नाव जोडता येतं. नेदरलँड्समध्ये बाईचं अधिकृत नाव लग्नानंतरही जन्माचंच राहतं, त्यामुळे नवरा-बायकोची आडनावं वेगळी असली तरी तिथे कुणी भुवई उंचावत नाही. सासरी काय म्हणतील तो प्रश्न वेगळा आणि तो या लेखाच्या कक्षेबाहेरचा.

पासपोर्टमध्येही एक खोच आहे. काहींच्या पासपोर्टवर ‘सरनेम’चं घर रिकामं असतं आणि ‘राहुल दगडू पाटील’ हे सगळं ‘गिव्हन नेम’ मध्ये. तिकडच्या नोंदीत मग अख्खं नाव एकाच घरात जातं. पगारपत्रकापासून विमानाच्या तिकिटापर्यंत प्रत्येक ठिकाणी तो माणूस बिनआडनावाचा किंवा बिननावाचा होतो. पासपोर्ट पुन्हा काढून आडनाव वेगळं करून घेणं हाच इलाज, आणि तो इथेच स्वस्त पडतो.

तिकडे पोचल्यावरचा क्रम. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर आल्यापासून पाच दिवसांत खेमेन्टेत नोंद करायची असते. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, म्हणून ती भारतातूनच घ्या. आइंडहोव्हन, अ‍ॅमस्टरडॅम, हेग, रॉटरडॅम इथे परदेशी नोकरदारांसाठी स्वतंत्र केंद्रं आहेत, तिथे निवासाचं कार्ड आणि नगरपालिकेची नोंद एकाच भेटीत होते. बहुतेक कंपन्या तिथली वेळ स्वतः ठरवून देतात. घरातली सगळी माणसं, तान्ह्या बाळासकट, हजर लागतात. पासपोर्ट, अपोस्टिल केलेले मूळ दाखले आणि घराचा करार सोबत न्यायचा.

घराच्या करारात एक सापळा आहे. काही घरमालक भाड्यानं घर देतात पण त्या पत्त्यावर नोंद करू देत नाहीत. जाहिरातीतच तसं लिहिलेलं असतं. स्वस्त मिळतंय म्हणून असं घर घेतलं की पत्त्याची नोंद होत नाही. चार महिन्यांहून कमी राहणाऱ्यांसाठी पत्त्याशिवाय क्रमांक देणारी वेगळी नोंद आहे, तीवर फार तर सुरुवातीचे दिवस निघतात. ‘नोंद करता येईल ना?’ हा प्रश्न भाडं विचारायच्या आधी विचारा.

खिडकीवर नोंद झाली की बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो. तिथे तुम्हाला भरलेली माहिती बघायला देतात, त्या वेळी घाई करू नका. आडनाव, नाव, जन्मगाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, लग्नाची तारीख असं अक्षर-अक्षर पासपोर्टशी आणि दाखल्याशी ताडून बघा. तिथे बोट ठेवून दाखवलेली चूक त्याच मिनिटाला सुधारते. नंतर तीच चूक सुधारायला अर्ज आणि पुरावा लागतो.

जन्मदाखला नेलाच नाही तर? नोंद अडवत नाहीत, बीएसएनही देतात. पासपोर्टवरून नाव घेतात आणि इतर माहिती मोकळी राहते किंवा शपथेवर लिहून घेतात. शपथेवरची नोंद उतरंडीत सगळ्यात खाली असते. पुढे मूल, घर किंवा नागरिकत्वाच्या वेळी पक्का कागद मागतातच, आणि तेव्हा कागद मिळवायला भाऊ गावात असतो आणि तुम्ही जवळपास सात हजार किलोमीटर लांब. म्हणून अधिकारपत्र करून ठेवा. ग्रामपंचायतीतून दाखला काढणं, अर्जावर सही करणं, कागद घेणं एवढ्यापुरतं ते मर्यादित ठेवलं तरी चालतं. दुसरं म्हणजे भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवा. आधार, आपले सरकार, पासपोर्ट, बँक सगळ्यांचे ओटीपी त्यावरच येतात. नंबर बंद पडला की भावालाही काही करता येत नाही.

बीएसएननंतरची कामं झरझर होतात, पण प्रत्येकाला मुदत आहे. डिजीडी या सरकारी लॉगिनचा अर्ज ऑनलाइन, कोड मात्र टपालानं घरी. साधारण तीन आठवड्यांत तो वापरला नाही तर पुन्हा अर्ज. आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत घ्यायचा. उशिरा घेतला तरी हप्ता पहिल्या दिवसापासूनचा भरावा लागतो, म्हणून टाळाटाळीत पैसे वाचत नाहीत. प्रत्येक प्रौढाची पॉलिसी स्वतंत्र, अठराखालच्या मुलांना हप्ता नाही पण नाव जोडावं लागतं. वर्षाला पहिले ३८५ युरो खिशातून जातात, त्यानंतर विमा भरतो. फॅमिली डॉक्टरची भेट त्यात धरत नाहीत. भारतातून जाणाऱ्यांना क्षयाची तपासणी तीन महिन्यांत करावी लागते, तशी सही अर्जाच्या वेळीच घेतलेली असते. ती विसरली तर निवासाच्या परवान्यावर येतं.

परदेशातून आणलेल्या नोकरदारांसाठी ३० टक्क्यांची करसवलत असते, म्हणजे पगाराचा तेवढ्यापर्यंतचा भाग करमुक्त. ती कंपनीसोबत मिळून मागायची. काम सुरू झाल्यापासून चार महिन्यांत अर्ज गेला तर पहिल्या दिवसापासून लागू होते, उशीर झाला तर मधले महिने गेले. २०२७पासून हा आकडा २७ होणार आहे. करखात्याची पत्रं निळ्या पाकिटात येतात, डचमध्ये असतात आणि ती न उघडता टेबलावर साठवण्याची सवय फार वाईट. मुदत पत्रावरच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही वाचल्यापासून नाही.

या करसवलतीचा एक आडफायदा लायसनचा. एरवी भारतीय लायसन नोंदीपासून १८५ दिवस चालतं आणि मग तिथली परीक्षा द्यावी लागते. ती महाग आहे आणि पहिल्या खेपेला पास होणारे थोडे. सवलतीचा मंजुरीचा कागद असेल तर परीक्षा न देता अदलाबदल होते. आरोग्याची ऑनलाइन घोषणा करायची, मग खेमेन्टेत अर्ज. भारतीय लायसन त्यांच्याकडे जमा होतं. त्यासाठी एमएच-१८, १९ किंवा ३९चं जुनं पुस्तकवाल्या जमान्यातलं लायसन नेऊ नका. धुळे, जळगाव किंवा नंदुरबार आरटीओतून स्मार्ट कार्ड करून घ्या, मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणही. आणि कार्डावर नावाचा क्रम आडनाव आधी असा असेल तर तो पासपोर्टप्रमाणे लावून घ्या.

तिथे मूल झालं तर जन्मानंतर तीन दिवसांत, जिथे जन्म झाला त्या खेमेन्टेत नोंद करायची. शक्यतो बापानं जायचं असतं. आईवडिलांची स्वतःची नोंद नीट असेल तर हे काम अर्ध्या तासाचं, नसेल तर आधीच्या सगळ्या गाठी इथे एकदम वर येतात. वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून हवं असेल तर ते मुलाच्या नावांतच धरलं जातं. ‘आरव राहुल’ नाव आणि ‘पाटील’ आडनाव, हे आधीच कागदावर लिहून न्या. दाखल्याची आंतरराष्ट्रीय नक्कल मागा, ती अनेक भाषांत छापलेली असल्यानं अनुवाद लागत नाही. ती घेऊन हेगमधल्या भारतीय दूतावासात जन्माची नोंद आणि पासपोर्ट. नागरिकत्व कायद्याच्या कलम ४ प्रमाणे ही नोंद एका वर्षाच्या आत करायची असते, नंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. पासपोर्ट आला की बाळाच्या निवास परवान्याचा अर्ज आयएनडीकडे.

गावी असलेली आजी ‘नातवाचं नाव आपल्या ग्रामपंचायतीत पण घाल’ असं म्हणते. सुट्टीवर येऊन तसं करता येत नाही. मात्र दूतावासात जन्माची नोंद झालेली नसेल आणि कायमचं परत आलात तर १९६९च्या कायद्याचं कलम २० तशी सोय देतं, भारतात आल्यापासून ६० दिवसांत. परत येताना खेमेन्टेत निघण्याच्या आधीच्या पाच दिवसांत नाव कमी करायचं असतं. त्याआधी नोंदवहीचा उतारा आणि मुलांच्या दाखल्यांच्या जास्तीच्या आंतरराष्ट्रीय नकला घेऊन ठेवा, त्यांना तिथलं अपोस्टिल तिथल्या जिल्हा न्यायालयात मिळतं. जळगावला शाळेत नाव घालताना हेच कागद मागतात.